ताडपत्रीखालचा नंबर

चि. ओवी आणि चि. ईशान,

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, वसंतआजोबांच्या गाडीची काच कशाने फुटली?" आणि मी म्हटलं, दगड उडाला. ते खरं नव्हतं. खरं काय ते आज लिहिते आहे. घरच्या ग्रुपवर हे टाकू नका. तुमच्या मावशीला तर मुळीच पाठवू नका — ती रात्रीच्या रात्री इथे येऊन उतरेल.

तुम्ही मला ओळखता. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि सौंसरला येऊन चौतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. आमच्या गाडीला मी कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही. शाळेच्या मागे एक पिंपळ होता, त्याखाली कोणी बाई दिसते म्हणून मुली घाबरायच्या. मी त्यांना आठवडाभर तिथेच डबा खायला घेऊन बसले. आठव्या दिवशी बाई गेली. माझा विश्वास डोळ्यांवर, कानांवर आणि डायरीवर. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस लागले… कारण त्या दिवशी ह्याच तिघांनी मिळून मला फसवलं की काय, हेच मला समजत नाही.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. पांढुर्ण्याला कुसुमआजीच्या भाचीचं साक्षगंध होतं, तुमच्या पुण्याकडे साखरपुडा म्हणतात ते. जेवून आम्ही तिघं सौंसरला परत निघालो. गाडी वसंतआजोबा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, कुसुम मागे. वसंतभाऊजी अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि चाळीसच्या वर गाडी नेत नाहीत.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" कुसुम मागून म्हणाली. "तो सायकलवाला पाहा, आपल्याला हात दाखवून पुढे गेला."

"जाऊ दे त्याला. त्याला घरी बायको नसंल बोलायला," भाऊजी म्हणाले.

आम्ही हसत होतो. डायरीत वेळ आहे: तीन वाजून दहा मिनिटं.

हनुमानाच्या मंदिराचं जामसांवली अजून दहा-बारा किलोमीटर असेल. रस्त्याच्या कडेने एक म्हातारी बाई पऱ्हाट्यांची मोळी डोक्यावर घेऊन चालली होती. कापूस वेचून झाला की झाडांच्या ज्या वाळक्या काड्या उरतात ना, त्या, चुलीसाठी. मागून एक पांढरी पिकअप हॉर्न न देता आम्हाला ओलांडून गेली, कडेला घसरली आणि… मोळी हवेत उडाली. आवाज इतका लहान झाला की मला आधी वाटलं, फक्त मोळीच पडली. पिकअप क्षणभर थांबली. ब्रेकचे लाल दिवे मी पाहिले. मग ती सुसाट निघून गेली.

आम्ही उतरलो. म्हातारी पालथी पडली होती, डोळे मिटलेले, कानामागून रक्त. शेजारच्या बागेतून संत्री तोडणारे दोघं धावत आले. त्यातला एक ओरडला, "बाई, आमी हाओ इथं, आमी ट्रॅक्टरवर नेतो तिले! तुमी त्याले पकडा! थो पाहा, पयाला!"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपण हिलाच गाडीत घेऊ."

"मोडलेल्या माणसाला दुमडून मागच्या सीटवर कसं घालणार?" मी म्हटलं. "ट्रॉलीत तिला सरळ झोपवता येईल. भाऊजी, त्याच्या मागे चला."

हे मी म्हटलं. चूक असेल तर माझी आहे.

का म्हटलं, ते तुम्हाला कळायला हवं. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई कॉलेजात होती. सकाळी फिरायला गेले आणि एका गाडीने उडवलं. कोणीतरी ती गाडी पाहिली होती म्हणे, नंबर कोणी पाहिला नाही. फाईलवर दोन शब्द लिहिले गेले — 'अज्ञात वाहन'. त्या दोन शब्दांपुढे काहीच नसतं. कोणाला विचारायचं नसतं, कोणावर रागवायचंही नसतं. त्या म्हातारीच्या कागदावर ते दोन शब्द येऊ नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पिकअप सौंसरला पोहोचून नागपूरच्या रस्त्याला लागली की संपलं. मला नंबर हवा होता.

आम्ही तिला गाठत आणलं, पण नंबर दिसत नव्हता! पिकअपमध्ये संत्र्यांचे क्रेट होते आणि त्यांच्यावरची ताडपत्री सुटून मागे पार खालपर्यंत लोंबत होती. पाटी तिच्याखाली झाकलेली.

मी पोलिसांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. एका मुलीने शांतपणे सगळं विचारून घेतलं. "मैडम, आज शनिवार है, गाड़ी मंदिर की ड्यूटी पे है. भीड़ में से निकलने में आधा-पौन घंटा लगेगा. आप पीछा मत कीजिए. लाइन पे रहिए." मग खरखर सुरू झाली. भाऊजींची गाडी ऐंशीवर होती. कुसुम मागून हनुमानाचं नाव घेत होती आणि मधूनच म्हणत होती, "तीस वर्षांत ह्यांचा हा गिअर मी पहिल्यांदा पाहून राहिले."

वळणावर पिकअप दिसेनाशी झाली. पुढे सरळ रस्ता होता, आणि तो रिकामा.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. घोगरा. दम लागल्यासारखा, दोन शब्दांमागे थांबणारा.

"बाई… ऐकता का? मी सांगतो. सरळ नोका जाऊ. डाव्या हाताच्या पांधनीत घुसला थो."

पांधण म्हणजे शेतांमधून जाणारी चिंचोळी वाट. मला वाटलं, फोन सौंसरच्या ठाण्यात जोडला गेला आणि कोणी जुना हवालदार बोलतो आहे. कुसुमही म्हणाली, "पोलिसवाला आपल्याकडचाच दिसते." भाऊजींनी डावीकडे गाडी वळवली. खरंच वाटेवर धूळ तरंगत होती.

"आपण कुठून बोलताय?" मी विचारलं.

"इथूनच बोलतो, बाई."

"तुम्हाला आमची गाडी दिसते आहे?"

फक्त श्वास. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, फांद्या काचांना घासत होत्या, भर दुपारी आत हिरवा अंधार. मला पहिल्यांदा भीती वाटली ती इथे. पिकअपची नाही… त्या श्वासाची. तो फोनमधून येतो आहे, की गाडीतूनच, हे मला सांगता येईना. मी मान वळवून मागे पाहिलं. कुसुम सीटच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती, कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी. नंतर मी विचारलं तर म्हणाली, तसं काही नाही, दाराचं हँडल धरलं होतं.

"थांबा!"

तो आवाज असा फुटला की भाऊजींनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले. गाडी घसरली, आडवी झाली आणि थांबली.

"पुढं इहीर हाये," आवाज म्हणाला.

आधी आम्हाला फक्त गवत दिसलं. मग धूळ खाली बसली. गवतापलीकडे जमीनच नव्हती. बिनकठड्याची विहीर… वाट तिच्या अगदी काठावरून उजवीकडे वळत होती. पुढचं चाक आणि काठ ह्यांत एक वीत अंतर होतं. मी डायरीत 'वीत' असंच लिहिलं आहे, अक्षर वाकडं आलंय.

पिकअप त्या वळणाच्या पुढेच, झाडांत तोंड घालून उभी होती. पाठ आमच्याकडे, ताडपत्री तशीच लोंबलेली. ड्रायव्हर खाली उतरलेला होता. तिशीचा असेल. त्याच्या हातात टामी होती, चाक काढायला वापरतात तो लोखंडी दांडा. तो आमची वाट पाहत होता. माझी खात्री आहे, आम्ही विहिरीत जातो का, हेच तो पाहत होता.

तो आमच्याकडे चालत आला.

"काच वर करा," फोन म्हणाला. "दार उघडू नोका. भाऊ, गाडी मागं घ्या. बाई, त्याच्याकडं पाहू नोका. लिवा."

"काय लिहू?"

"नंबर."

भाऊजींच्या हाताला रिव्हर्स लागेना. गिअर नुसता करकरत होता. कुसुम रडत होती. पहिला घाव बॉनेटवर बसला, दुसरा काचेवर. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. माझ्या मांडीवर डायरी उघडी होती आणि मी लिहीत होते, कारण तो आवाज एकेक अक्षर, एकेक आकडा सांगत होता. हळू, ठाम, दम घेत. मी लिहून परत वाचून दाखवलं. सवय, दुसरं काय! आवाज म्हणाला, "बरोबर हाये."

ड्रायव्हरचा हात वरच राहिला.

बंद काचेतूनही त्याला ऐकू गेलं होतं. त्याने वळून आपल्या पिकअपकडे पाहिलं, झाकलेल्या पाटीकडे. मग माझ्या हातातल्या फोनकडे. पोरांनो, मी वर्गात कितीतरी मुलींना घाबरताना पाहिलंय, पण कोणाच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरताना कधी पाहिला नाही. टामी तिथेच टाकून तो पळाला, पिकअप सुरू केली आणि बागेतून पलीकडे निघून गेला.

फोन बंद झाला होता. किती वेळापासून, कोणास ठाऊक.

त्या नंबरवरून त्याला संध्याकाळी नागपूरच्या रस्त्यावर पकडलं. दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला ठाण्यात गेले आणि विचारलं, काल फोनवर कोण हवालदार होते? कोणीच नव्हतं. कंट्रोल रूमचं म्हणणं, कॉल एका मिनिटाच्या आत तुटला, त्यांनी तीनदा लावला, तिन्ही वेळा बिझी. माझ्या फोनमध्येही तो कॉल बावन्न सेकंदांचाच आहे. पांधणीत आम्ही निदान दहा मिनिटं होतो.

ठाण्यात कागद लिहिणारा मुन्शी हसत म्हणाला, "मैडम, वो ड्राइवर तो पागल जैसा बोल रहा है. कहता है, मोबाइल में कोई बुढ़िया बैठी थी."

बुढ़िया? मी घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती हातातला चहा तसाच धरून म्हणाली, "ताई… पण तो तर 'सांगतो' म्हणत होता."

आणि मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायाही 'मी येतो', 'मी सांगतो' असंच बोलतात. चौतीस वर्षं मी वर्गात मुलींना टोकलं, "येतो काय गं? येते म्हण!" आणि त्या दिवशी माझ्याच कानांनी त्या एका 'तो'वरून पुरुष ठरवून टाकला.

म्हातारीचं नाव गिरजाबाई. नागपूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ती शुद्धीवर आली. आम्ही दोघी भेटायला गेलो. खुबा मोडलेला, डोक्याला टाके. ट्रॉलीतून नेताना आणि नंतरही तिने डोळा उघडला नव्हता, हे त्या संत्री तोडणाऱ्याने मला शपथेवर सांगितलं. मी विचारलं, "गिरजाबाई, काही आठवतं का?"

"काय सांगतो, बाई…" ती म्हणाली. दम घेतला. "मोळी उचलली, तेवढंच याद हाये."

कुसुमने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. तोच घोगरा आवाज. तेच थांबणं.

मी तिच्या सुनेला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना वाचता येतं का? आकडे? सून म्हणाली, "कायचं वाचता येते! बसची पाटी बी मलेच वाचून दाखवा लागते." आणि येत असतं तरी काय? त्या ताडपत्रीखालचा नंबर तिथून, बेशुद्धीत, रस्त्यावर पालथं पडून… मी वाक्य पूर्ण करत नाही. मला करता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी हे पत्र आहे. माझं बयान घेताना मी खरं सांगितलं, की नंबर मला फोनवर कोणीतरी सांगितला. मुन्शीने पेन खाली ठेवलं. "किसने? ऐसा लिखूँगा तो वकील पहली पेशी में उड़ा देगा, मैडम. फिर वही, अज्ञात वाहन." मग त्याने लिहिलं: 'वाहन का नंबर मैंने स्वयं अपनी आँखों से देखा.' आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा खोट्याखाली.

पुढच्या महिन्यात कोर्टात साक्ष आहे. वसंतभाऊजी म्हणतात, काळजी करू नका वहिनी, पाटी झाकलेली होती हे तोच म्हणू शकतो, आणि तसं म्हटलं की तो तिथे होता हे आपोआप कबूल झालं. बरोबर आहे. मी साक्ष नीट देईन. गिरजाबाईच्या कागदावर नंबर राहील.

पण तो समोर उभा असेल. पाटी झाकलेली होती, हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे, आणि तो आवाज त्यानेही ऐकला आहे. वकिलाच्या प्रश्नांना मी भीत नाही. त्याने मध्येच हात जोडून, सगळ्यांसमोर, मला एवढंच विचारलं, "आजी, त्या मोबाईलमध्ये कोण होतं?" तर मी काय सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही.

— तुमची आजी