शेवटची सही
निशिगंधाचा हार दिसला की मला रत्नागिरीतल्या आमच्या शाळेचं सभागृह आठवतं. दोन हजार सालाच्या सुमाराला, ऐन मे महिन्यात, तिथे माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंची शोकसभा भरली होती. मच्छीमारांच्या खारवीवाडीत नळ यावा म्हणून बाई तिथल्या बायकांना घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत ठाण मांडून बसायच्या. शाळेच्या अध्यक्षांना ते खुपलं. ‘बाई वर्गाकडे लक्ष देत नाहीत’ असं पत्र त्यांनी लिहून घेतलं, आम्हा शिक्षकांच्या त्यावर सह्या घेतल्या. वाडीत नळ आला, बाईंची नोकरी गेली. सही मीही केली होती. त्या सभेत तेच अध्यक्ष बाईंच्या फोटोला हार घालून मला म्हणाले, “सर, तुम्ही बोला. तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात.” समोर वाडीतल्या बायका दारापर्यंत दाटीने बसलेल्या, बाहेर पडायला वाट नव्हती. “बाई फार मन लावून शिकवायच्या,” एवढंच बोलून मी खाली बसलो. सभा संपल्यावर बाईंची मुलगी जवळ आली. शांतपणे म्हणाली, “आई सांगायची, सगळ्यांत शेवटची सही तुमची होती. दोन दिवस लावलेत म्हणे.” तिने मला माफ केलं की जाब विचारला, हे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही.