बोरिवलीच्या घरचं पाणी

मी नागपूरला असते. मे महिन्यात मुंबईला आले की माझी फेरी ठरलेली असते. आधी मुलुंडला बाबांकडे, मग गोरेगावला शाळेतल्या मैत्रिणीकडे, मग बोरिवलीला काकांकडे आणि परत मुलुंड. नागपूरचे लोक विचारतात, उन्हाळ्यात मुंबईला काय जाता, तिथे नुसता घाम. त्यांना मी सांगत नाही की घाम हा त्या फेरीतला सगळ्यात सोपा भाग आहे. बाबा आणि काका सख्खे भाऊ; काका थोरले, बाबा त्यांना दादा म्हणायचे. मुलुंडला काकांचं नाव काढायचं नाही आणि बोरिवलीला बाबांचं. मी दोन्हीकडे जेवते, दोन्हीकडे झोपते आणि दोन्हीकडे तोंड शिवून बसते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच आहे.

भांडण गणपतीवरून झालं. आमच्या घराण्याचा गणपती एकच, कोकणात गावच्या घरी. वर्षभर कोण कुठे का असेना, चतुर्थीला सगळे तिथे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी त्यांना प्रवास झेपणार नव्हता. गणपतीशिवाय घर खायला उठलं, म्हणून त्यांनी मुलुंडच्या फ्लॅटमध्येच लहानशी मूर्ती आणून बसवली. आमच्याकडे गणपती वेगळा म्हणजे चूल वेगळी, घर वेगळं. हे एवढ्या वर्षांत बाबांना माहीत नव्हतं असं नाही, पण गुडघा दुखत असला की माणसाला रीतभात आठवत नाही. काकांना ते भलत्याच कुणाकडून कळलं. फोनवर म्हणाले, "गणपती वेगळो केलंस, म्हणजे घर वेगळा केलंस."

बाबा म्हणाले, "मग तुझ्या घरचा पाणीसुद्धा माका नको."

हे बोलणं हवेत विरून जाणारं नव्हे. आमच्या भागात पाणी बंद करणं म्हणजे संबंध संपल्याची खूण. एकमेकांकडे जाता येतं, बसता येतं, अगदी मयतालाही खांदा देता येतो, फक्त त्या घरच्या पाण्याला तोंड लावायचं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये दोघे शेजारी बसून जेवायचे, कारण हॉलचं पाणी कुणाच्याच घरचं नसतं. वकील परवडले असे हे दोघे भाऊ.

भांडणानंतर काही वर्षांनी, एका मे महिन्यात गोरेगावला पोचले तर मैत्रीण दारातच म्हणाली, "तुझे काका ना गं ते? उंच, टक्कल, कायम चिडलेले?"

"चिडलेले म्हणजे तेच. कुठे भेटले?"

"अगं, सासूबाईंना डायलिसिसला नेते ना मी, तिथे. दिवसाआड येतात यार. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मागच्या मे महिन्यात काका मला आंब्याची पेटी द्यायला स्टेशनपर्यंत आले होते. मैत्रिणीकडची चहाची कपबशी तशीच ठेवून मी काकीला फोन लावला. ती आधी नाही नाही म्हणाली, मग रडायला लागली. "तुझ्या बाबांना सांगू नको. शपथ घातलीय यांनी. कीव करायला आलेला भाऊ नको म्हणतात. यायचं तर आपणहून येऊ दे."

मला इतका राग आला की मैत्रिणीच्या गॅलरीत उभी राहून मी मोठ्याने "मूर्ख" म्हणाले. खाली एका रिक्षावाल्याने वर पाहिलं.

आता वेळही उरला नव्हता. काकांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. महिनाअखेर घर रिकामं करायचं आणि दोघांनी बडोद्याला मुलीकडे जायचं, असं ठरलं होतं. एकदा काका बडोद्याला गेले की बाबा काही तिकडे जाणार नाहीत, आणि पुढचा मे महिना काकांना दिसेल की नाही, हे मला कुणीही सांगू शकत नव्हतं. सांगायचं नाही, पण न्यायचं, आणि तिथे पाणी प्यायला लावायचं. घोटभर का होईना. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी परत मुलुंडला आले. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात. म्हटलं, "बोरिवलीचं घर पाडतायत. तुम्ही लग्नाआधी तिथे राहिलात, नोकरी तिथून सुरू केलीत. एकदा बघून येऊ."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "भिंती बघायला येतो. पाणी पिणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्रीजमधली मोठी बाटली भरून पिशवीत घातली. ती बघून माझं डोकं सणकलं. स्वतःच्या भावाकडे जाताना प्रवासाला निघाल्यासारखं पाणी बांधून न्यायचं!

टॅक्सी पवईला अडकली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि एसी नावापुरता. मला तहान नव्हती, तरी मी बाबांची बाटली काढली आणि घटाघट प्यायले. थोड्या वेळाने परत. जोगेश्वरी येईपर्यंत पोटात पाणी डुचमळायला लागलं, तरी पीत होते.

"तुला एवढी तहान कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"नागपूरची सवय."

त्यांनी बाटली हातात घेऊन हलवून बघितली. तळाशी घोटभर होतं, ते त्यांनी संपवलं. "वाटेत एक बिसलेरी घेऊ."

"उशीर झालाय," मी म्हणाले आणि ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगितलं. बाबांनी रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली.

बिल्डिंगमधले अर्धेअधिक लोक निघून गेले होते आणि लिफ्ट बंद होती. बाबा तिसऱ्या मजल्यापर्यंत कठडा धरून चढले, प्रत्येक जिन्यावर थांबून. काकीने दार उघडलं तेव्हा बाबांचा घसा इतका कोरडा पडला होता की नीट बोलताही येईना.

"इलंस?" काका म्हणाले.

"इलंय," बाबा म्हणाले आणि खोकायला लागले.

घरात खोकी बांधून ठेवलेली. काका खुर्चीत बसले होते, मनगटापर्यंत बटणं लावलेला फुल शर्ट घालून. अशा उकाड्यात. मी त्यांच्या डाव्या बाहीकडे बघायचं टाळत होते. त्याखाली डायलिसिसच्या सुया टोचायची जागा असणार, हे मला आता माहीत होतं.

काकीने सवयीने ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणले. बाबांनी हात आडवा केला. "नको वहिनी. वाटेत झाला." आणि पुन्हा खोकले. ग्लास त्यांच्यापुढेच राहिला, बाहेरून घामेजलेला.

मग काकीने आंबे कापून आणले. "तुमच्या झाडाचे आहेत, गावचे."

ह्याला बाबांची हरकत नव्हती. झाड दोघांचं. त्यांनी फोड उचलली, चोखली, आणि डिश काकांपुढे सरकवली. काकांनी हात लावला नाही.

"घे ना."

"माका नको."

"ह्या झाडाचो तू नको म्हणतंस? पेटी येईपर्यंत तुका धीर नसता."

"नको म्हटलंय ना."

मी काकीकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही. डायलिसिसवाल्याला आंबा चालत नाही, पोटॅशियम वाढतं, हे मैत्रिणीने मला सांगितलं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि शपथ काकीच्या डोळ्यांत.

बाबांनी कोय डिशमध्ये टाकली. "म्हणजे तूपण! माझ्या हातचा चालत नाय तुका. ठीक." आणि ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, पण उठलेच. "चल गं. भिंती बघून झाल्या."

मी उठले नाही. वाट लागली, असं मनात म्हणाले. मीच आणलं यांना आणि मीच आता शेवटचं बिघडवलं. बाबा दाराशी पोचले, चपलेत एक पाय घातला आणि खोकल्याची अशी उबळ आली की चौकट धरून वाकले.

"थांब," काका म्हणाले. मग काकीला, "माझी बाटली हाड."

"अहो..."

"हाड म्हणतंय ना!"

काकीने स्वयंपाकघरातून एक छोटी प्लास्टिकची बाटली आणली. बाहेर नेलपॉलिशने लाल रेघ ओढलेली. डायलिसिसवाल्याला पाणीही मोजूनच; त्या रेघेपर्यंत भरायचं आणि दिवसभर तेवढंच पुरवायचं. बाटली अर्ध्याच्या खाली आली होती आणि अजून दुपारही झाली नव्हती. काका खुर्चीतून उठले, दारापर्यंत चालत आले आणि बाटली पुढे केली. हात लांब केल्यावर बाही वर सरकली. मनगटाच्या वर फुगलेली शीर आणि पट्टी दिसली.

"ह्या पाणी घरचा न्हय," काका म्हणाले. "माझ्या वाट्याचा आसा. दिवसाक एवढाच मिळता. त्यातला तू घे."

बाबा बाटलीकडे बघत होते, मग रेघेकडे, मग हाताकडे. त्यांना कळत गेलं तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मला तो बघवला नाही.

"कधीपासून?"

"गेल्या चवथीच्या आधीपासून. माकाय गावाक जाऊक जमला नाय. घर बंदच रवला." काकांनी बाटली आणखी पुढे केली. "तेव्हा तुझो गुडघो आठवलो."

माफी मागितली म्हणायची तर ती एवढीच. माझ्या काकांकडून एवढं म्हणजे खूप झालं.

बाबांनी बाटली घेतली. आयुष्यभर ते भांड्याला तोंड लावून पितात, वरून प्यायला गेले की शर्ट भिजवतात, आईने कितीदा हसून घेतलं होतं यावरून. त्या दिवशी त्यांनी मान मागे केली, बाटली तोंडापासून वर धरली आणि बारीक धार सोडली. एक घोट. थेंबही सांडला नाही. उष्टं न करता त्यांनी बाटली काकांच्या हातात परत दिली.

"उरलेला तुझा," म्हणाले. मग चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसले. काका त्यांच्या शेजारच्या खोक्यावर बसले. मी मोरीत जाऊन रडले, दार लावून, नळ सोडून.

ते दोघे संध्याकाळपर्यंत बोलत होते. काय, ते मला सगळं कळलं नाही. गावच्या छपराचं, कुठल्याशा बैलाचं, यंदा चतुर्थीला मूर्ती कुठे बसवायची त्याचं. काकीने मला विचारलं, बाबांना चहा चालेल का. मी म्हटलं, तूच विचार. बाबांनी चहा घेतला नाही. काका घेऊ शकत नव्हते, म्हणून असेल.

परतीच्या टॅक्सीत ते डोळे मिटून बसले होते. ओठ सुकलेले. बोरिवलीला पोचल्यापासून त्या घोटाशिवाय त्यांच्या पोटात पाणी गेलं नव्हतं, आणि त्याला कारण मी. टॅक्सी सिग्नलला थांबली. शेजारीच दुकान होतं, बाहेर फ्रीज, त्यात बाटल्यांच्या रांगा. मी दार उघडायला लागले.

"काय करतेस?"

"पाणी आणते. घसा बघा किती सुकलाय तुमचा."

"नको," बाबा म्हणाले. "मी दादाकडे पाणी प्यायलोय."