भिंतीवरच्या वावटळी

जयगडच्या आसपास वावटळ उठली आणि माझ्या मावशीच्या यजमानांनी टिपल्यावाचून विरली, असं आजवर घडलेलं नाही. काका बंदरातल्या कारकुनीतून निवृत्त झाले. वावटळींच्या नुकसानीची नोंद ठेवायला मात्र त्यांना कुणीच नेमलं नव्हतं, त्यामुळे त्यातून निवृत्तीही नव्हती. या नोंदी ते पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीवर, होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने करत: कुणाचं काय, कुठून उडालं, कुठे सापडलं. वाडवडिलांकडून ऐकलेल्या वावटळी छपराजवळ, ताज्या खाली. दर दिवाळीला मावशी चुन्याची बादली घेऊन उभी राही आणि काका भिंतीला पाठ लावून.

वारा थांबला की ते पाहणीला निघत. पोफळी सगळ्या एकाच अंगाला पडल्या असतील तर "हा साधा वारा" म्हणून ते परत फिरत. पिळवटून चहूकडे पडल्या असतील तरच वावटळ. शेजारच्या काकूंच्या गोठ्याचा पत्रा उडाला, तेव्हा काकांनी पहिला प्रश्न केला, "वहिनी, डावीकडून उचलला की उजवीकडून?"

"मी म्हशीला धरून होते, भावोजी. पुढच्या वेळी बघून ठेवीन."

वादळानंतर काका येताना दिसले की लोक दार लोटून घेत.

गेल्या वैशाखात वावटळ त्यांच्याच परसातून शिरली. माणसं वाचली, पडवीची भिंत कोसळली. काका चिऱ्यांच्या ढिगाशी बसून अक्षरं जुळवत राहिले. जेवायलाही उठेनात. "छपराजवळचं मला आठवत नाही गं," एवढंच मावशीला म्हणाले.

नवी भिंत उभी राहिली, मावशीने तिला हौसेने चुना दिला. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या.

"आमचा गोठा लिहा. पत्रा डावीकडून."

"तुम्ही तर म्हशीला धरून होतात."

"तेव्हा तुमचा राग आला होता. बघितलं होतं मी."

मग एकेक जण येऊ लागला. खालच्या वाडीतले म्हातारे तांडेल म्हणाले, "माझ्या आज्याची होडी भातात पडलेली, ती लिवा. वर, छपराकडं." काका स्टुलावर चढले. रंगाचा डबा मावशीने धरला.

शेवटची नोंद काकांनी स्वतःची केली. काय: पडवीची भिंत. कुठून: परसाकडून. कुठे सापडली: शेजाऱ्यांकडे.

खाली बरीच जागा उरली. यंदा दिवाळीला त्या जागेसाठी चुना काकांनीच भिजवला. "तेवढी पांढरी राहिली तर बरं," म्हणाले आणि निळ्या रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवून ठेवलं.