कट्टा बांधणारी मालती

माझी मालती परवा पुण्यात वारली आणि मी इथे दुबईत कोंडून पडले होते.

'कोंडून' म्हटलेलं माझ्या मुलाला आवडणार नाही. नाही आवडलं तर नाही! तोही वाचेलच हे.

मालती आणि मी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रोग्रॅमर होतो. घरोघरी इंटरनेट वगैरे स्वप्नातही नव्हतं तेव्हा. खोलीभर एक मशीन, आणि त्याला जोडलेले टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, वेगवेगळ्या डिपार्टमेंटमध्ये.

आमचे सर परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीत एक गंमत बघून आले. लोक आपापल्या सवडीने टर्मिनलवर येतात, चर्चेत आपलं म्हणणं लिहून जातात. दुसरे नंतर येऊन वाचतात, उत्तर देतात. कॉम्प्युटर कॉन्फरन्सिंग म्हणे.

"आपल्याकडे जमेल?" सरांनी विचारलं.

"न जमायला काय झालं?" मालती म्हणाली. मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. आम्हा दोघींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं!

पण बांधला आम्ही. नाव तिनेच ठेवलं, कट्टा. मशीनला देवनागरी यायची नाही, मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं.

कोण कुठपर्यंत वाचून गेलाय, हे लक्षात ठेवायचा भाग तिचा. पुढच्या वेळी आलात की बरोबर तिथून पुढचं दिसायचं.

मी म्हणायचे, "कशाला एवढा खटाटोप?"

"अगं, जो आज आला नाही त्याचीही जागा राखायला नको का?"

सरांना वाटलं होतं, प्राध्यापक आता रिसर्चवर बोलतील. पहिलं भांडण पेटलं ते कॅन्टीनच्या पाणचट चहावरून! सर कपाळाला हात लावून बसले. मालती हसून हसून बेजार.

मोठे पाहुणे आले तेव्हा सर अभिमानाने म्हणाले, "यापुढे कुणाला भेटायला जायची गरजच उरणार नाही."

मालती माझ्या कानात, "ह्यांना भेटायचं होतं तरी कुणाला?"

असली होती ती. आगाऊ. माझी.

नात झाली तेव्हा मी अल मनखूलच्या या फ्लॅटमध्ये आले. थोडे दिवस म्हणून.

मुलगा दिवसभर बांधकामाच्या साइटवर, सून लांब जबल अलीला नोकरीला. नातीला, आर्याला, स्कूल बसमधून उतरवून घ्यायचं, भरवायचं, होमवर्क. खाली उतरलं की ऊन भाजून काढतं, वर आलं की एसीने गुडघे धरतात.

मग मालतीला कॅन्सर निघाला. ती एकटीच राहायची.

इथे बंदी आहे, फोनवरच्या ॲपवरून साधा व्हिडिओ कॉल लागत नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या आपल्या टाइप करत बसायचो.

एक दिवस तिने लिहिलं, "बास झालं गं टायपिंग. ये एकदा. तुझा हात हातात हवाय."

मी मुलाला सांगितलं.

"आई, व्हिसा रिन्यूअल चालू आहे, तेवढं होऊ दे."

मग आर्याची परीक्षा. मग, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात नक्की."

माझा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये. हरवेल म्हणून. वाईट नाही हो तो. पण माझा जीव गुदमरत होता त्याचं काय?

मी भांडले. रडले. एक दिवस जेवलेही नाही.

आर्या जवळ येऊन म्हणाली, "आजी, हू विल पिक मी अप?"

झालं, खलास.

परवा मालतीच्या भाचीचा मेसेज आला. मालती गेली होती.

संध्याकाळी मुलाने लॅपटॉप समोर आणून ठेवला. "आई, लिंक आलीये. अंत्यदर्शन लाइव्ह दाखवतायत. जॉइन कर."

"मला लिंक नको. माझा पासपोर्ट आण."

काल त्याने ऑफिसातून आणून माझ्या हातात ठेवला.

पासपोर्ट आता माझ्या पर्समध्ये आहे. कधीही निघ म्हणतोय.

कुणाकडे जाऊ?

मालते, तू बोलावलंस आणि मला येता आलं नाही गं. सुखाने जा.