नानांचं भिंग आणि कॅनडाची चिप

आमच्या जेल रोडवरच्या सोसायटीत मोबाइलमधल्या ग्राफिक्स चिपवर अधिकारवाणीने बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे मोबाइल नव्हता. ते म्हणजे माझे शेजारी, नाना.

नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं एकच काम केलं. छापलेला कागद भिंगाखाली धरायचा आणि खोट शोधायची. रेघ केसभर सरकली की कागद बाद. निवृत्तीनंतर प्रेस सुटली, भिंगाची सवय काही सुटली नाही. वांगी घेतानाही ते खिशातून भिंग काढत. मुलगी बघायला गेले तेव्हा ते नोकरीला लागले नव्हते, हे त्यांच्या बायकोचं, इंदिराबाईंचं नशीब.

त्यांची लेक शुभांगी नवऱ्याबरोबर कॅनडात गेली आणि २००४ मध्ये तिथेच स्वरदा झाली. फोनवर बोलणं व्हायचं, पाकिटातून फोटो यायचे. पण इंदिराबाईंचं फोटोवर भागेना. "फोटोतली पोर हलत नाही हो," त्या मला म्हणाल्या. "मला ती चालायला लागताना बघायचीय. एकदा पळायला लागली की ते पहिलं चालणं पुन्हा कुठलं दिसायला?" व्हिडिओ दिसेल असा एक मोबाइल घरात यावा, एवढंच त्यांचं मागणं. सायबर कॅफे होता दुसऱ्या मजल्यावर, आणि त्यांचे गुडघे कधीच गेलेले.

नानांनी मागणी तत्त्वतः मान्य केली. तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस तत्त्वतः मान्य करतो तेव्हा ओळखावं, काम लांबलं.

त्यांनी एक इंग्रजी मासिक लावलं. त्यात त्यांना कळलं की फोनमध्ये चित्र उमटवायला वेगळी चिप असते आणि तिच्यासाठी कंपन्यांची जुंपली आहे. त्यातल्या तीन नानांनी निवडल्या. एक कॅनडाची, एक कॅलिफोर्नियाची, एक इंग्लंडची. लेक कॅनडात, म्हणून तिथली कंपनी त्यांना व्याह्यांच्या जागी. कॅलिफोर्नियावाल्यांनी नवी चिप जाहीर केली की नानांचं जेवण कमी व्हायचं. इंग्लंडवाले स्वतः चिप बनवत नाहीत, नुसता आराखडा दुसऱ्यांना विकतात, हे वाचून ते म्हणाले, "इंग्रजांचं हे जुनंच आहे. राबायचं दुसऱ्याने."

दर महिन्याला ते गंगापूर रोडवरच्या कारभारींच्या दुकानात जात, प्रत्येक फोनच्या पडद्यावर भिंग धरत आणि परत येत. "नाना, आता घेऊन टाका," कारभारी म्हणायचे. "थांबा हो, तीन महिन्यांत दुप्पट वेगाची चिप येतेय," नानांचं उत्तर. पहिल्या वर्षी तिथे त्यांना चहा मिळे. दुसऱ्या वर्षी नुसतं स्टूल. पुढे तेही दुकानदाराच्या पायाखाली गेलं.

आमच्याकडे चेहेडीहून गोजराबाई भाजी आणि फुलं घेऊन येत. त्यांचा समाधान त्याच सायबर कॅफेत कामाला. २००५च्या नवरात्रात त्याने आईला जुन्या बाजारातला एक फोन आणून दिला. इंदिराबाईंनी हे ऐकलं मात्र, त्यांनी शुभांगीला समाधानचा ईमेल कळवला. चौथ्या दिवशी ईमेलने आलेला व्हिडिओ त्याने आईच्या फोनात घालून दिला, आणि गोजराबाई टोपली न उतरवताच ओरडत जिना चढल्या.

"बाई, तुमची नात चालती! लय गोड चालती! या लवकर."

मी दारातच होतो. काडेपेटीएवढा पडदा, दहा सेकंदांचा व्हिडिओ. पिवळा झगा घातलेली पोर सोफा सोडून हात पसरत पुढे येत होती. इंदिराबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "अहो, या ना! स्वरदा चालतेय!"

नाना आले. भिंग काढलं. पडद्यावर धरलं.

"चेहऱ्याला कडाच नाहीत," ते म्हणाले. "नुसते चौकोन. अगदी तिसऱ्या दर्जाची चिप."

"नाना, पोर बघा की! काच काय बघताय?" गोजराबाई म्हणाल्या.

"बघायचं तर नीट बघू. चांगल्या चिपवर." आणि ते आत मासिक वाचायला गेले. दहा सेकंद त्यांनी पाहिलं, पण भिंगातून त्यांना ठिपकेच दिसले. मला त्या माणसाचा खरोखर संताप आला.

त्यानंतर इंदिराबाईंनी मोबाइलचं नाव काढलं नाही. मेथी निवडता निवडता त्या नातीचा पहिला नाच, पहिलं दप्तर, सगळं गोजराबाईंच्या फोनवर बघत राहिल्या. नाना आत उंटावरून शेळ्या हाकत होते. २००६ मध्ये एका अमेरिकन कंपनीने कॅनडावाल्यांना विकत घेतलं, तेव्हा नाना दोन दिवस दाढी न करता बसले. मग म्हणाले, नवा मालक काय करतो बघू. नव्या मालकाने २००९च्या सुरुवातीला फोनच्या चिपांचा तो धंदाच तिसऱ्याला विकून टाकला. आता कोणाची वाट बघायची, हेच नानांना कळेना. शेवटी मे महिन्यात शुभांगी येणार म्हटल्यावर त्यांनी इंग्लंडच्या आराखड्याची चिप असलेला फोन घेतला. भिंगाखाली पास झालेला पहिलाच. वरातीमागून घोडं आलं, पण त्याला हळदकुंकू वाहिलं.

स्वरदा आली. साडेचार वर्षांची, दोन वेण्या. आजीला बिलगली, आजोबांना लाजत नमस्कार केला. नानांनी फोन उचलला. "बाळा, जरा चालून दाखव."

"चालून? का आजोबा?" असं म्हणत ती जिन्यावरून धडधडत खाली पळालीसुद्धा. फोनमध्ये दाराची चौकट आली. कडा अगदी स्वच्छ.

नाना ती चौकट बघत राहिले. तेवढ्यात गोजराबाई भाजी घेऊन आल्या. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"गोजराबाई, तो चालतानाचा व्हिडिओ... पिवळा झगा. दाखवता जरा?"

गोजराबाई ओशाळल्या. "त्यो कवाच पुसला, नाना. नाचाचा आला, तवा फोनात जागाच नव्हती. समाधानच्या ईमेलातबी ऱ्हायला न्हाई."

शुभांगीने मान हलवली. तिचा जुना लॅपटॉपही त्याच वर्षी बंद पडला होता, त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. नानांनी भिंग काढलं, पुसलं आणि कशावर धरावं ते न सुचून परत खिशात ठेवलं. मग ते इंदिराबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"तू पाहिला होतास ना?"

"रोज. महिनाभर."

"पहिला पाय कोणता टाकला गं तिने?"

"डावा. आधी सोफा सोडला, मग पुन्हा धरला..."

"जरा सावकाश सांग," नाना म्हणाले.