गेबहार्टच्या भिंतीतलं भोक

रायनेल्डे फेट्झ तीन वर्षं आमच्या खोऱ्यात दारोदार फिरली. खोऱ्यातल्या गावांनी मिळून एक विकास मंडळ काढलं होतं. नवी घरं अशी बांधायची की हिवाळ्यात शेगडी पेटवावीच लागू नये, हे लोकांच्या गळी उतरवायचं काम तिच्याकडे आलं. जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, फट कुठेच नाही. ती सांगायची, लोक तिच्यापुढे चीज ठेवायचे आणि मान डोलवायचे. ती डोलणारी मान म्हणजे होकार नव्हे, हे तिला उशिरा उमगलं.

शेवटी गेबहार्ट तयार झाला. तिचा शाळेपासूनचा सोबती, हाताचा पक्का सुतार. त्याच्या घराकडे आणखी सहा कुटुंबं डोळे लावून बसली होती. ते तपासणीत उतरलं तर तीही बांधणार. नाहीतर मंडळाचा बेत तिथेच संपला.

घर उभं राहिलं आणि ऑक्टोबरात तपासनीस आला. फटींतून किती हवा गळते ते मोजायला त्याने दारात पंखा बसवला. पंखा चालू असताना घरातली हवा तासाभरात साठ टक्क्यांपेक्षा जास्त बदलता कामा नये, असा नियम. आकडा आला नव्वद.

अंगणात सहाही कुटुंबं उभी. त्यांतला झावर मोठ्याने म्हणाला, "घर आहे की चाळणी?"

 मनगट पुढे धरून रायनेल्डे भिंतीभिंतीने फिरू लागली. बैठकीच्या बाकामागे गार हवेचा झोत लागला. तिने लाकडी फळी ओढली. आत वीतभर रुंदीचं गोल भोक, त्यात मेंढीची लोकर कोंबलेली. शेगडीच्या धुराड्याला हवं तेवढंच.

"हे काय रे?"

गेबहार्टचा चेहरा पडला. "हळू बोल. आत्ता बुजवतो. यंत्र बिघडलं होतं म्हणून सांग."

"पण पाडलंस का?"

"आईची छाती तुला ठाऊक आहे. रस्ता बंद, वीज बंद, आणि घरात विस्तव नाही! मला झोप येईना गं."

तिला गप्प बसता आलं असतं. तिने खिडकी उघडली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"बघा, घरात खोट नाही," ती म्हणाली, "पण घर बांधणाऱ्याला भीती वाटली. मी तीन वर्षं बोलत राहिले, त्याची भीती एकदाही विचारली नाही."

"त्याला कशाला बोलतेस?" कोपऱ्यातून गेबहार्टची आई, क्रेसेंझ आजी, खोकत म्हणाल्या. "मीच पाडायला लावलं. तुझे आकडे मला काय पांघरायचेत?"

 झावरने विचारलं, "खरंच तीन दिवस वीज गेली तर?"

"तर मी इथे येऊन राहीन. आजींना थंडी वाजली, तर भोक पुन्हा पाडायला करवत मी स्वतः चालवीन."

भोक नीट बंद केलं. आकडा आला पन्नास. तपासनिसाने हात मिळवला, पण झावर म्हणाला, "जानेवारी जाऊ दे, मग बघू."

जानेवारीत एका मंगळवारी बर्फाच्या ओझ्याने विजेच्या तारा तुटल्या. रायनेल्डे अंथरूण घसरगाडीवर बांधून आली. घरात एकवीस अंश होते. बुधवारी संध्याकाळी एकोणीस. गुरुवारी आभाळ भरून आलं, साडेसतरा. आजींनी दुसरी शाल घेतली. गेबहार्टने करवत बाकावर आणून ठेवली.

"अजून किती उतरेल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही." खोटं सांगणं तिच्याच्याने झालं नाही. "आजी, हात दाखवा बरं."

"हात गरमच आहेत गं. शाल घेतली ती तुमची तोंडं बघून. बसलीत मयताला आल्यासारखी!"

दुपारी ढग फाटले आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जमिनीभर पसरलं. तासाभरात पारा एकोणिसावर गेला. तेवढ्यात गुडघाभर बर्फातून झावर आला. रोजच यायचा, डोकावून जायचा. आज बसला. थोड्या वेळाने कोट काढून खुर्चीवर टाकला. आपण कोट काढला हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं.

"माझ्या जागेला दक्षिणेकडे टेकडी आडवी येते," तो कुरकुरला. "दुपारनंतर ऊन नाही. मग माझं काय?"

 प्रश्न सोपा नव्हताच.

"तू सांग," रायनेल्डे म्हणाली, "तुला नक्की कशाची भीती वाटते?" आणि तिने कागद पुढे ओढला.