कपाट क्रमांक चार

पडेगावच्या चर्चमध्ये सिस्टर आल्या म्हटलं की लोक आधी आपापले हात बघायचे. सिस्टर म्हणजे करुणाबाई खरात. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, आणि चर्चच्या लायब्ररीवर गेली सत्तावीस वर्षं त्यांचं राज्य होतं. राज्यच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. दारापाशी नळ, नळाशी साबणाची वडी. हात धुवायचे, सिस्टरना पालथे-उताणे दाखवायचे, मगच पुस्तक. मुदत पंधरा दिवस. सोळावा दिवस उजाडला, पान दुमडलं, डाग पडला, की रजिस्टरात त्या नावावर लाल शाईची काट. ती काट पुन्हा उठली असं कधी झालं नाही.

लायब्ररी मात्र वाढत गेली, आणि वाढली ती मंडळीतल्या मयतांवर. कुणी वारलं की दफनानंतरच्या रविवारी घरचे लोक त्याची पुस्तकं चर्चला आणून देत, तशी इथली पद्धतच पडली होती. सुरुवातीला एक लोखंडी कपाट होतं, त्यात गायनाची पुस्तकं आणि झुरळं. मग शाळामास्तर गेले, दुसरं कपाट आलं. त्यांच्यामागून पोस्टातले एक गृहस्थ गेले, तिसरं आलं. छावणीजवळ खानावळ चालवणारे साहेबराव गेले, तेव्हा त्यांच्या बायकोनं तीन पोती भरून गोष्टींची पुस्तकं रिक्षातून आणली आणि चौथं कपाट गच्च झालं. आज नऊ कपाटं होती. पुस्तकं वाढत होती आणि वाचणारे घटत होते, हे सगळ्यांना दिसत होतं, एकट्या सिस्टरना सोडून.

कमिटीचा सेक्रेटरी राजेंद्र. वय तेहतीस, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि सिस्टरशी त्याचा उभा दावा. अकरा वर्षांचा असताना त्यानं चौथ्या कपाटातलं दर्यावर्दी लोकांच्या गोष्टींचं पुस्तक नेलं होतं. परत आणलं तेव्हा सत्तेचाळिसाव्या पानावर तेलकट, तांबडा डाग निघाला. पोरगं रडत म्हणालं, म्या नाय पाडला. त्याची आई पारूबाई पदर पसरून उभी राहिली. सिस्टरनी काट मारली, आणि पोरांच्या हातात द्यायला नको म्हणून चौथ्या कपाटाला कुलूप घातलं ते कायमचं.

नोव्हेंबरात उपासनेनंतर कमिटी बसली. राजेंद्र रजिस्टर बगलेत मारून उभा राहिला.

"संडे स्कूलची पोरं व्हरांड्यात बसत्यात. अन् हितं एक खोली कपाटांनी अडवलीय. वाचनारं कोण? एकशे बेचाळीस नावांवर काट हाय. एकच नाव शिल्लक हाय, सिस्टरचं."

लोक हसले. त्या हसण्यात किती वर्षांचे राग होते ते हसणाऱ्यांनाच ठाऊक.

"मी जपली म्हणून पुस्तकं राहिली," सिस्टर कडाडल्या. "तुमच्या हाती दिली असती तर भजी बांधली असती त्यात."

"जपली नाय, डांबली," राजेंद्र म्हणाला.

पाळकसाहेब कन्नडहून नुकतेच बदलून आलेले, भांडणाला घाबरणारे. त्यांनी मधला मार्ग काढला. पुढच्या रविवारपर्यंत एक पुस्तक, फक्त एक, कुणाच्या घरी वाचायला गेलं तर लायब्ररी राहील. नाही तर सगळी पुस्तकं कन्नडच्या चर्चला पाठवायची.

एक पुस्तक म्हणजे काय मोठं, असं सिस्टरना सोमवारी वाटलं. पिशवीत रजिस्टर घालून त्या घरोघर निघाल्या. द्वारकाबाईंनी दारातूनच सांगितलं, "आमचे हात लई घाण हायेत, सिस्टर." बन्सीनं टीव्हीचा आवाज वाढवला. मोनिका म्हणाली, माझ्या नावावर काट हाय, मी घेतलं तर चालंल का, आणि उत्तराची वाट न बघता कडी लावली. गुरुवारपर्यंत बावीस घरं झाली. सिस्टरना संताप आला, आणि संतापाच्या खाली भीती होती. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. लायब्ररी गेली तर त्या खोलीबाहेरच्या जगात आपलं कोण, हा प्रश्न त्यांनी आजवर स्वतःला विचारलाच नव्हता.

शुक्रवारी त्यांनी चौथं कपाट उघडलं. गोष्टींच्या पुस्तकाला तरी कुणी भुलेल, एवढाच हिशेब. कुलूप गंजलेलं, चार वेळा किल्ली फिरवावी लागली. एक पुस्तक काढून चाळलं तर मध्ये डाग. तेलकट, तांबडा. दुसरं काढलं, त्यात डाग. तिसऱ्यात तर वाळलेली कोथिंबीर चिकटलेली. साहेबराव जेवताना वाचत असणार, आणि खानावळवाल्याच्या ताटात तर्री असणारच. राजेंद्रखेरीज या कपाटातलं पुस्तक कुणी नेलेलंच नव्हतं. तीन पोती एका दिवसात उरकायची म्हणून सिस्टरनी तेव्हा पहिल्या पानावर शिक्के मारले होते आणि एकही पुस्तक आतून उलगडून पाहिलं नव्हतं.

सिस्टर खुर्चीवर बसल्या त्या संध्याकाळच्या घंटेपर्यंत उठल्या नाहीत.

शनिवारी भर दुपारी त्या पारूबाईंच्या दारात गेल्या. राजेंद्र ओट्यावर गाडी पुसत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागला. पारूबाई तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. सिस्टरनी उभ्यानंच सांगितलं, दर्यावर्दीच्या पुस्तकावरचा डाग साहेबरावांचा होता. राजेंद्रचा नव्हता. चूक माझी.

पारूबाईंचा हात सुपात थांबला.

"त्या दिशी म्या त्याला लाटण्यानं मारलं," त्या म्हणाल्या. "खरं बोल, खरं बोल म्हनून मारलं. त्यो म्हनत व्हता, म्या नाय पाडला. म्या म्हनलं, सिस्टर खोटं कशाला बोलतील? पोरानं पुन्हा गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नाय."

सिस्टरनी पिशवीत हात घातला. त्यांनी रजिस्टर काढलं, लाल पेन काढलं, आणि शिल्लक राहिलेल्या एकुलत्या नावावर, स्वतःच्या, काट मारली. पान दोघांपुढे धरलं.

"आता सुचलं?" राजेंद्र म्हणाला. "कपाटं जायची येळ आल्यावर?"

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. "ती येळ आली नसती तर चौथं कपाट मी उघडलंच नसतं."

सिस्टरनी पिशवीतून ते पुस्तक काढून ओट्याच्या कडेला ठेवलं. "काट तर उठत नाही. नाव नव्यानं लिहिते, तू म्हणालास तर. नाही म्हणालास तरी पुस्तक इथंच राहू दे."

त्यानं फडकं आपटलं आणि तरातरा मोरीत गेला. नळ सोडला. साबण घेऊन त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, नखं घासली. पाणी निथळत बाहेर आला आणि सिस्टरच्या तोंडापुढे दोन्ही हात धरले, आधी उताणे, मग पालथे.

"त्या दिशी बी असेच दावले होते. नीट बघा अन् मग लिहा."

सिस्टरनी चष्मा पुसला. मग एकेक बोट धरून त्यांनी ते हात नीट पाहिले.